वाचकांचे प्रश्न : ‘करीबु’ म्हणजे जवळ या

नोकरीनिमित्त पूर्व आफ्रिकेत जाणाऱ्या वाचकांची पत्रे या सदराकडे अधूनमधून येत असतात आणि त्यांतले बहुतेक प्रश्न व्हिसा, लसीकरण आणि पगार यांविषयीचे असतात. या वेळी मात्र चार पत्रे बोलण्याविषयी आणि जेवणाविषयी विचारणारी आली. मी स्वतः टांझानियात सहा वर्षे, आधी उलुगुरु डोंगरांच्या पायथ्याच्या मोरोगोरो येथे आणि नंतर टांगा या किनाऱ्यावरच्या शहरात, पाणीपुरवठ्याच्या कामावर होते. त्यामुळे ही पत्रे वाचताना मनापासून आनंद झाला आणि उत्तरे लिहिताना हात थोडा सैल सुटला आहे.

प्रश्न : मी स्थापत्य अभियंता असून दोन महिन्यांनी दार-एस-सलाम येथे दोन वर्षांसाठी रुजू होणार आहे. कार्यालयाचे कामकाज इंग्रजीत चालते असे मला कळवण्यात आले आहे. तरीही स्वाहिली शिकावी काय? वेळ थोडा असल्यामुळे निदान कोणती अभिवादने पाठ करून जावीत?

उत्तर : शिकावी, आणि अभिवादनांपासूनच सुरुवात करावी. कार्यालयातील कागद इंग्रजीत असतील, पण माणसे एकमेकांशी स्वाहिलीतच बोलतात. शंभराहून अधिक मातृभाषा असलेल्या या देशात सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीत चालतात, संसदेतील चर्चा स्वाहिलीत होते आणि बाजारातील घासाघीसही त्याच भाषेत होते. युनेस्कोने २०२१ मध्ये ७ जुलै हा दिवस जागतिक स्वाहिली भाषा दिन म्हणून जाहीर केला, तो १९५४ साली याच तारखेला पुढे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेल्या ज्युलियस न्येरेरे यांच्या तानू पक्षाने स्वातंत्र्यलढ्यासाठी या भाषेचा जो अंगीकार केला त्याची आठवण म्हणून. स्वतःच्या भाषेविषयी इतका जिव्हाळा असलेल्या समाजात आपण तिचे चार शब्द बोललात, तर ते चार शब्द आपल्या पदवीपेक्षा अधिक लवकर ओळख करून देतील.

मोरोगोरो येथील माझ्या पहिल्याच आठवड्यात मी सकाळी घाईने भांडारात गेले आणि तेथील वयस्क भांडारपालांना थेट इंग्रजीत विचारले की, सहा इंची पाइप कोठे ठेवले आहेत. त्यांनी हातातली लेखणी खाली ठेवली, माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाले, “हबारी झा असुबुही?” म्हणजे, सकाळची खबर काय. मला उत्तर येत नव्हते. त्यांनीच ते मला शिकवले, “न्झुरी”, चांगली. मग घरची खबर विचारली, कामाची विचारली, प्रवासाची विचारली, प्रत्येक वेळी माझ्याकडून “न्झुरी” वदवून घेतले, आणि त्यानंतरच उठून पाइप दाखवायला निघाले. रागाचा लवलेशही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता. माणसाची विचारपूस न करता त्याच्याकडे वस्तू मागणे हे त्यांच्या दृष्टीने अर्धवट बोलणे होते आणि त्यांनी माझे वाक्य पुरे करून घेतले होते. त्या दिवसानंतर मी कोणत्याही कामाच्या आधी दोन मिनिटे अभिवादनासाठी राखून ठेवू लागले.

म्हणून पहिले वाक्य ‘हबारी’चे शिका. या शब्दात आपली ‘खबर’च आहे, अरबीतून ती इकडे आली तशी तिकडेही गेली. ‘हबारी झा काझी’ म्हणजे कामाची खबर, ‘हबारी झा न्युम्बानी’ म्हणजे घरची खबर, ‘हबारी झा असुबुही’ सकाळी, ‘हबारी झा म्चाना’ दुपारी आणि ‘हबारी झा जिओनी’ संध्याकाळी. उत्तर ‘न्झुरी’ किंवा ‘सलामा’ असे द्यावे. अडचण असली तरी पहिले उत्तर चांगलेच द्यायचे आणि मग ‘लाकिनी’, म्हणजे ‘पण’, असे म्हणून खरी गोष्ट सांगायची, अशी रीत आहे. घरात आजारपण असलेला माणूसही आधी ‘न्झुरी’ म्हणतो. दुसरी जोडी ‘हुजाम्बो’ आणि ‘सिजाम्बो’ यांची. ‘जाम्बो’ म्हणजे बाब किंवा गोष्ट, त्यामुळे ‘तुम्हाला काही त्रास नाही ना?’ आणि ‘नाही, काही नाही’ असा त्या प्रश्नोत्तराचा भाव आहे. नुसते ‘जाम्बो’ हे पर्यटकांसाठी वापरले जाते. आपण दोन वर्षे राहणार आहात, तेव्हा ते पहिल्या दिवसापासून टाळावे. बरोबरीचे तरुण सहकारी ‘माम्बो?’ असे विचारतील, त्याला ‘पोआ’ म्हणावे. मात्र वडीलधाऱ्यांशी हे शब्द वापरू नयेत.

वडीलधाऱ्यांसाठी जो शब्द आहे तो मला संपूर्ण स्वाहिलीत सर्वांत प्रिय आहे. तो म्हणजे ‘शिकामो’, ज्यातला शेवटचा ‘ओ’ लांबवून म्हणतात. ‘मी आपले पाय धरतो’ अशा अर्थाच्या वाक्यापासून तो बनला आहे असे सांगतात, आणि मराठी माणसाला तो निराळा समजावून सांगण्याची गरज पडत नाही. त्याला मोठी व्यक्ती ‘मराहाबा’ असे उत्तर देते. हे अभिवादन वयाला केले जाते, हुद्द्याला नाही, ही गोष्ट कार्यालयात जाणाऱ्याने नीट लक्षात ठेवावी. दाराशी बसलेला रखवालदार आपल्यापेक्षा वयाने बराच मोठा असेल, तर आपण मुख्य अभियंता असलात तरी ‘शिकामो’ आपण म्हणायचे. उलट एखादा नवशिक्या आपल्याला ‘शिकामो’ म्हणाला, तर संकोचाने ‘धन्यवाद’ वगैरे न म्हणता ‘मराहाबा’ हेच उत्तर द्यावे, नाहीतर त्याचा नमस्कार स्वीकारलाच गेला नाही असे त्याला वाटते. केनियात, विशेषतः नैरोबीत, हा शब्द फारसा कानावर पडत नाही; टांझानियात तो दिवसातून अनेकदा पडतो.

आणखी एक शब्द आवर्जून शिका, कारण त्याला नेमका मराठी प्रतिशब्द मला आजवर सापडलेला नाही. तो म्हणजे ‘पोले’. कोणाला ठेच लागली, कोणी आजारी पडले, कोणाच्या हातून वस्तू पडून फुटली, तर पाहणारा ‘पोले’ म्हणतो, आणि त्यात आपली काही चूक असल्याची कबुली नसते. तुमचा त्रास मी पाहिला, एवढेच त्यात असते. उन्हात खोदकाम करणाऱ्यांच्या शेजारून जाताना ‘पोले ना काझी’ म्हणतात, लांबून आलेल्याला ‘पोले ना सफारी’ म्हणतात. आपण बांधकामावर जाल तेव्हा कामगारांना हे शब्द म्हणून पाहा. श्रमाची दखल दोन शब्दांत घेणारी अशी सोय आपल्याही भाषेत असती, तर किती बरे झाले असते असे मला नेहमी वाटते.

उच्चारांची काळजी करू नये. स्वर आपल्यासारखेच स्वच्छ आहेत आणि शब्दातील शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर येतो. मी येथे ‘झ’ असे लिहिले आहे तेथे ‘जरा’ किंवा ‘बाजार’ या शब्दांतला ‘ज’ म्हणावा आणि ‘ज’ लिहिले आहे तेथे ‘जीव’मधला, हा भेद मराठी जिभेला आयताच ठाऊक असतो. ‘म्चाना’सारख्या शब्दांत आरंभीचा ‘म’ ओठ मिटून स्वतंत्र अक्षरासारखा म्हणायचा, तेवढे एका आठवड्यात साधते. शब्दसंग्रहातही पुष्कळ ओळखीचे चेहरे भेटतील. ‘पेसा’ म्हणजे पैसा, ‘हेसाबु’ म्हणजे हिशेब, ‘किताबु’ म्हणजे पुस्तक, ‘दुका’ म्हणजे दुकान, ‘गारी’ म्हणजे गाडी, ‘लाकी’ म्हणजे लाख, आणि तीनचाकी रिक्षाला तर आपल्या पुण्याच्या कंपनीवरून ‘बजाजी’ हेच नाव पडले आहे. स्वाहिलीचा सांगाडा बांटू या आफ्रिकी भाषांच्या कुळातला आहे, परंतु मोसमी वाऱ्यांवर शिडाची गलबते शतकानुशतके या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर ये-जा करीत होती आणि मालाबरोबर शब्दही उतरवत होती. ‘स्वाहिली’ या नावाचे मूळही किनारा या अर्थाच्या अरबी शब्दात आहे.

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी मी म्वान्झा येथील एका बांधकामावर पर्यवेक्षक म्हणून आलो. दुपारी कामगार एका मोठ्या थाळ्याभोवती बसून एकत्र जेवतात आणि मला रोज अगत्याने बोलावतात. मी मात्र माझा डबा घेऊन खोलीत जातो. मी शाकाहारी आहे आणि एकाच ताटात अनेकांनी हात घालून जेवण्याची मला सवय नाही. तरीही रोज नकार देताना वाईट वाटते. मी काय करावे?

उत्तर : आपल्याला वाईट वाटते, यातच आपण अर्धे अंतर चालून आला आहात. उरलेले अर्धे कसे चालायचे, ते सांगते.

आधी ते लोक काय म्हणत आहेत, हे समजून घ्यावे. जेवणारा माणूस जवळून जाणाऱ्याला ‘करीबु चाकुला’ किंवा नुसते ‘करीबु’ म्हणतो. ‘करीबु’चा मूळ अर्थ ‘जवळ’ असा आहे. दारात आलेल्यालाही तोच शब्द, दुकानात शिरलेल्यालाही तोच आणि ताटाशी बोलावतानाही तोच. समोर अन्न असताना दुसऱ्याला न बोलावता खाणे तेथे फार उणेपणाचे मानतात. प्रत्येक वेळी आपण बसलेच पाहिजे अशी अपेक्षा नसते, ‘असान्ते’, म्हणजे धन्यवाद, असे म्हणून पुढे जाता येते. परंतु एकाच कामावरचा माणूस सहा महिने रोज ‘असान्ते’ म्हणून पुढे जात असेल, तर त्याला आपल्यात यायचे नाही असा अर्थ हळूहळू लागतो, आणि तो अर्थ कोणी आपल्याला बोलून दाखवणार नाही.

आता ताटाविषयी. त्या मोठ्या थाळ्याला ‘सिनीआ’ म्हणतात. जेवणापूर्वी कोणीतरी, बहुधा वयाने सर्वांत लहान असलेला, तांब्यासारख्या भांड्यातून प्रत्येकाच्या हातावर पाणी घालतो आणि खाली तसराळे धरतो. किनाऱ्यावरच्या घरांत हे पाणी पुष्कळदा कोमट असते. हात धुणे हा या जेवणाचा पहिला घास आहे असे समजावे, तो चुकवू नये आणि पाणी घालणाऱ्याला ‘असान्ते’ म्हणावे. सारे उजव्या हाताने जेवतात. प्रत्येकाने आपल्या समोरचाच भाग खायचा असतो. दुसऱ्याच्या बाजूला हात नेणे किंवा चांगला तुकडा शोधत थाळाभर बोटे फिरवणे हे असभ्य समजतात. म्हणजे ताट एक असले तरी त्याच्या अदृश्य वाटण्या झालेल्या असतात आणि त्या सर्वजण काटेकोरपणे पाळतात. मी ज्या ज्या घरी जेवले तेथे मांसाचे तुकडे मधोमध ठेवलेले असत आणि वडीलधारी व्यक्ती ते एकेकाच्या पुढे सरकवीत असे.

आपला खरा अडसर उष्ट्याच्या कल्पनेचा आहे, हे मी जाणते, कारण माझाही तोच होता. तोंडाला लागलेला हात सामाईक भांड्यात घालायचा नाही, हे आपल्याला बोलायला येण्याच्याही आधी शिकवलेले असते आणि ते एका दुपारीत पुसले जात नाही. ते पुसलेच पाहिजे असेही मी म्हणणार नाही. ‘नाओम्बा सहानी’ म्हणजे ‘मला एक ताटली द्याल का’, एवढे म्हटले की कोणीही न रागावता ताटली आणून देतो. मात्र ती ताटली घेऊन खोलीत जाऊ नये, त्याच चटईवर त्याच रिंगणात बसावे. मी पहिले दोन महिने असेच केले. पुढे एका दुपारी पाऊस आला, सगळे एका पत्र्याखाली दाटीवाटीने उभे राहिले, ताटली कोठे राहिली ते कळले नाही आणि मी सिनीआतून आपल्या बाजूचा घास उचलला. त्याविषयी कोणी काही बोलले नाही, माझ्या पुढ्यात थोडी अधिक भाजी मात्र सरकवण्यात आली.

जेवणात बहुतेक दिवशी उगाली असेल. उकळत्या पाण्यात मक्याचे पांढरे पीठ घालून लाकडी पळीने घोटत घोटत ती घट्ट शिजवतात. त्यात सहसा मीठही नसते. आपल्या उकडीहून ती बरीच घट्ट असते. लिंबाएवढा गोळा तोडावा, तळहातात वळावा, अंगठ्याने त्यात खळगा करावा आणि त्या खळग्यात कालवण उचलून तोंडात घालावे. पहिल्या दिवशी ती बेचव वाटते, पण भाकरी तरी एकटी कोठे खातात? उगाली हा आधार आहे आणि चव तिच्या सोबत्याची आहे. त्या घोटण्याच्या पळीला ‘म्वीको’ म्हणतात आणि याच शब्दाचा दुसरा अर्थ निषिद्ध गोष्ट असा होतो. हा योगायोग मला प्रत्येक स्वयंपाकघरात आठवत असे.

शाकाहाराच्या बाबतीत एका शब्दापासून सावध राहावे, आणि तो म्हणजे ‘म्बोगा’. कोशात त्याचा अर्थ भाजी असा दिलेला असतो, पण रोजच्या बोलण्यात उगालीबरोबर जे काही खायचे ते सारे म्बोगा, मग ती पालेभाजी असो, मासळी असो वा मांस असो. आपल्या ‘कालवण’ या शब्दासारखेच हे आहे. त्यामुळे “आज म्बोगाच आहे” असे कोणी सांगितले म्हणून निर्धास्त होऊ नये. स्पष्टपणे म्हणावे, “सिली न्यामा, वाला कुकु, वाला समाकी”. मी मांस खात नाही, कोंबडीही नाही आणि मासेही नाहीत. तिन्ही नावे घ्यावीत, कारण ‘न्यामा’ म्हटल्यावर मासा त्यात येतोच असे सर्वांना वाटत नाही. म्वान्झा हे व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी असल्यामुळे तेथे ‘दगा’ नावाची लहान सुकवलेली मासळी फार खाल्ली जाते, म्हणून पालेभाजीतही ती नाही ना, हे एकदा विचारून घेणे बरे.

एवढी काळजी घेतली की आपल्यासाठी पुष्कळ काही आहे. ‘महारागे’ म्हणजे घेवड्याच्या दाण्यांचे कालवण जवळजवळ रोज असते. ते मांसाच्या रश्श्यात शिजवलेले नसले म्हणजे झाले. ‘म्चीचा’ ही राजगिऱ्याच्या कुळातली पालेभाजी आहे आणि तिच्यात शेंगदाण्याचे कूट किंवा नारळाचे दूध घालतात तेव्हा ती अप्रतिम लागते. ‘चोरोको’ म्हणजे मूग, ‘कुंदे’ म्हणजे चवळी, ‘म्बाझी’ म्हणजे तूर, आणि ही तूर टांझानियातून आपल्याकडेही येते. मका आणि घेवडा एकत्र शिजवलेले ‘मकांदे’ खाऊन पाहावे. कांदा-टोमॅटोच्या ‘कचुम्बारी’त तर आपले कचुंबर आपल्याला ताबडतोब ओळखू येईल. भाताच्या बाबतीत या भाषेची नजर अगदी आपल्यासारखी आहे. शेतात उभी असलेली साळ म्हणजे ‘म्पुंगा’, तूस काढलेला तांदूळ म्हणजे ‘म्चेले’ आणि ताटातला भात म्हणजे ‘वाली’. तिन्ही अवस्थांना तीन नावे देणाऱ्या माणसांच्या पंगतीत आपण परके कसे ठरू, असे मला हे शब्द शिकताना वाटले होते.

बांधकामावरचे जेवण बहुधा रस्त्याकडेला चूल मांडणाऱ्या बाईकडून येत असेल. त्यांना ‘मामा न्तिलीए’ म्हणतात. ‘आई, मला वाढ’ असा त्या नावाचा अर्थ आहे. त्यांना एकदा स्वतः भेटावे, आपला आहार सांगावा, आणि आपल्यासाठी महारागेची एक वाटी वेगळी ठेवायला सांगावे. जेवणाच्या पैशांची वर्गणी काढतात, तिला ‘कुचांगा’, म्हणजे वाटा देणे, असा शब्द आहे. आपण पर्यवेक्षक आहात म्हणून आपल्याकडून पैसे घ्यायला ते कदाचित तयार होणार नाहीत, तरीही आपला वाटा द्यावा, आणि सगळ्यांचे पैसे मात्र भरू नयेत. स्वाहिलीत म्हण आहे की पाहुणा दोन दिवसांचा, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. वाटा दिल्यावर आपण पाहुणे राहत नाही.

पोट भरल्यावर ‘निमेशीबा’ म्हणावे, म्हणजे माझे पोट भरले. आग्रह एकदोनदा होईल, आपल्याकडे होतो तेवढाच. पिण्याचे पाणी मात्र उकळलेले, स्वतःचे न्यावे. त्यात कोणी काही गैर मानत नाही.

आपला डबाही त्या थाळ्याशेजारी उघडा. पोळी तेथे ‘चपाती’ या नावाने घरोघर माहीत आहे, पण आपल्या हातची मऊ घडीची पोळी आणि लोणचे त्यांनी चाखलेले नसेल. झाकण उघडताच ‘करीबुनी’ म्हणा, हे ‘करीबु’चे अनेकवचन आहे.

प्रश्न : माझ्या यजमानांची झांझिबार येथे बदली झाली आहे आणि मी मुलीसह पुढील महिन्यात तेथे जात आहे. शेजारणींशी ओळख कशी करावी, त्यांना कोणत्या नावाने हाक मारावी, आणि रमझानच्या महिन्यात आम्ही काय पाळावे?

उत्तर : ओळख दाराशी होते. दुसऱ्याच्या घरी जाताना कडी वाजवण्याऐवजी बाहेरून ‘होदी’ अशी हाक द्यावी आणि आतून ‘करीबु’ ऐकू येईपर्यंत उंबऱ्याबाहेरच थांबावे. तीनदा हाक देऊनही उत्तर आले नाही, तर परत फिरावे. आत जाताना चपला दाराशी काढाव्यात, हे तर आपल्या अंगवळणीच आहे. स्वाहिलीच्या अनेक बोलींपैकी झांझिबार शहराची बोली प्रमाण भाषेचा पाया मानली गेली, त्यामुळे आपण आणि आपली मुलगी अगदी मुळाशीच ती शिकाल.

हाकांच्या बाबतीत मात्र मराठी माणसाची फसगत ठरलेली आहे. ‘काका’ म्हणजे भाऊ, ‘दादा’ म्हणजे बहीण, आणि ‘मामा’ म्हणजे आई. ‘बाबा’ तेवढा आपल्यासारखाच वडिलांसाठी आहे. आईच्या भावाला ‘म्जोम्बा’ आणि आत्याला ‘शंगाझी’ म्हणतात. समवयस्क स्त्रीला ‘दादा’ आणि पुरुषाला ‘काका’ अशी हाक मारणे सभ्य समजतात. पहिल्यांदा एका तरुण मुलीला ‘दादा’ म्हणताना माझी जीभ अडखळली होती. लेकुरवाळ्या स्त्रीला तिच्या मुलाच्या नावाने ओळखतात, मुलीचे नाव आमिना असेल तर ‘मामा आमिना’, आणि काही दिवसांतच आपल्यालाही आपल्या मुलीच्या नावाने ‘मामा’ अशी हाक येऊ लागेल. अशी हाक आली की शेजाराने आपल्याला सामावून घेतले असे समजावे. मुलीला ‘शिकामो’ आधी शिकवा, कारण लहान मुलाच्या तोंडून ते ऐकताच मोठ्यांचा चेहरा उजळतो.

झांझिबारमध्ये बहुसंख्य लोक मुस्लिम आहेत. रमझानमध्ये दिवसा रस्त्यावर किंवा खिडकीत उभे राहून खाऊपिऊ नये आणि नेहमीही खांदे व गुडघे झाकणारा पोशाख करावा. सूर्यास्तानंतरच्या जेवणाला ‘फुतारी’ म्हणतात. त्यात खजूर, पेज, नारळाच्या दुधात शिजवलेली केळी किंवा कंदमुळे असे पदार्थ असतात, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना ताटे पाठवण्याची पद्धत आहे. पुष्कळ घरांत स्त्रिया आणि पुरुष वेगवेगळे बसून जेवतात. मला ही विभागणी आधी खटकली होती. नंतर त्या बायकांच्या चटईवर जितकी भाषा शिकले तितकी कोणत्याही वर्गात शिकले नसते. आपल्याकडे आलेले ताट रिकामे परत करू नये, हे मी सांगायला नको. आपण घरी केलेले काहीही गोड त्यात घालून पाठवावे.

प्रश्न : माझ्या कार्यालयातील एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी मला रविवारी ‘सा सबा’ वाजता जेवायला बोलावले. ‘सबा’ म्हणजे सात, म्हणून मी संध्याकाळी सात वाजता गेलो, तर जेवणे दुपारीच आटोपली होती. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला फार ओशाळल्यासारखे झाले. आता काय करावे?

उत्तर : आपली चूक फार जणांच्या हातून होते. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर साधारण सहाच्या सुमारास उगवतो, त्यामुळे आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा पहिला तास, ‘सा मोजा’. आपले दुपारचे बारा म्हणजे ‘सा सिता’, सहावा तास. आणि ‘सा सबा’ म्हणजे दुपारी एक. घड्याळात सहाचा फरक करायचा, एवढेच गणित आहे. आपल्या पंचांगातही घटिका सूर्योदयापासूनच मोजतात, म्हणून ही रीत परकी मानण्याचे कारण नाही. कार्यालयातील इंग्रजी बोलण्यात मात्र वेळ आपल्यासारखीच सांगतात, आणि गोंधळ नेमका तेथेच होतो.

क्षमा मागताना ‘पोले’ म्हणू नये, ते सहानुभूतीचे आहे. ‘समाहानी’ म्हणावे. सोमवारी भेटल्यावर त्या वयाने मोठ्या असल्यामुळे आधी ‘शिकामो’, मग घरची खबर, आणि त्यानंतर ‘समाहानी, निलिचेलेवा’, म्हणजे क्षमा करा, मला उशीर झाला, असे सांगून सात वाजल्याचा घोळ सविस्तर सांगावा. त्यांनी दुपारी आपली वाट पाहिली असणार, तेव्हा हे सांगणे टाळू नये. त्या बहुधा ‘करीबु तेना’, पुन्हा या, असे म्हणतील. या खेपेला वेळ ठरवताना ‘म्चाना आउ जिओनी?’, दुपारी की संध्याकाळी, एवढे आवर्जून विचारून घ्यावे.